एस्टीतून दिसलं पाहिजे

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत एस्टी स्टँडच्या अलीकडच्या वळणावर आहे. कोरेगावकडून येणारी गाडी वळली की खिडकीतल्या माणसाला आधी ती भिंत दिसते आणि मग स्टँड. माझे वडील, अण्णा, पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरची फुलं, शाळेतले सुविचार, लग्नघरी दाराशेजारचा गणपती हे सगळं ते वर्षभर करायचे, पण घरात पैसा यायचा तो निवडणुकीत. फ्लेक्स तेव्हा नव्हते, प्रचार भिंतीवर व्हायचा आणि भिंत रंगवायला माणूस लागायचा.

१९८५ च्या विधानसभेला मी ११ वर्षांची होते आणि अण्णांच्या हाताखाली काम करायचे. आधी चुन्यात थोडी नीळ घालून भिंत पांढरी करायची, ती वाळेपर्यंत पिवडी, गेरू, काजळी वेगवेगळ्या डब्यात सरस घालून कालवायची, सरस कमी पडला तर टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला अख्खं चिन्ह उठायचं म्हणून ते माप अण्णा स्वतः बघायचे. मग नीळ लावलेली दोरी दोन्हीकडून ताणून सूत मारायचं, ते काम माझं, एक टोक माझ्याकडे, आणि टक् करून दोरी सोडली की भिंतीवर सरळ निळी रेघ. लहान चिन्हांसाठी छापे होते, जुन्या एक्सरेच्या फिल्मवर ब्लेडनं कापलेले. मोठं चिन्ह मात्र ते हातानं काढायचे. पक्षाच्या माणसानं आणलेल्या पत्रकावर चौकोन आखायचे, तसेच मोठे चौकोन भिंतीवर आखायचे आणि एकेक चौकोन भरत जायचे.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "चालत्या एस्टीतनं दिसलं पाहिजे, आन् अंगठा लावणाऱ्याला कळलं पाहिजे." पंजा सगळ्यात अवघड, अंगठा जरा जाड झाला की तो पंजा राहत नाही, हातमोजा वाटतो. कमळ सोपं पण पाकळ्या सारख्या यायला हव्यात. चरख्याला वेळ लागायचा आणि तरी लांबून तो नुसतं चाक दिसायचा, त्यामुळे ते खाली मोठ्या अक्षरात 'चरखा' असं लिहायचे, मग स्वतःच म्हणायचे, लिहून काय उपयोग, ज्याला वाचता येतं त्याला उमेदवाराचं नावच वाचता येतं की.

पुढे मी जेजेला अप्लाइड आर्ट शिकले, २०-२२ वर्षं जाहिरातीत काम केलं, मोठमोठी प्रेझेंटेशन्स बघितली, पण अण्णांच्या त्या एका वाक्याच्या पुढचं कोणी काही सांगितलं असं मला अजून वाटत नाही.

आपल्याकडची निवडणूक चिन्हं आली कुठून ते बघा. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती साधारण १८ टक्के आणि पहिल्या निवडणुकीला मतदार होते १७ कोटींच्या वर. म्हणजे बहुतेकांना वाचता येत नाही, आणि त्यांना मत तर द्यायचंय. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात ठरलं ते असं की प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवायचं आणि मतदारानं आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. खूण नाही, शिक्का नाही, काही लिहायचं नाही. त्या लोखंडी पेट्या लाखोंनी लागल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. काँग्रेसला बैलजोडी, समाजवाद्यांना वड, जनसंघाला पणती, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना कणीस-विळा, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती. आणि हाताचा पंजा तेव्हाही होता, पण तो काँग्रेसचा नव्हता, फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचा होता, म्हणजे आपल्या नागपूरच्या कामगार पुढारी आर. एस. रुईकरांचा. काँग्रेसकडे तो आला इंदिरा गांधींनी १९७८ मध्ये वेगळा पक्ष काढला तेव्हा.

ही यादी वाचताना मला आमच्या आजीचं घर दिसतं. बैल गोठ्यात, पणती तुळशीपाशी, वड पाराजवळ, कणीस शेतात, विळा छपराच्या वळचणीला खोचलेला. एकही वस्तू नवीन नाही. कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं की हे काय आहे आणि हे चांगलं का आहे, ते आधीच ठरलेलं होतं, पक्षानं फक्त त्याच्याखाली येऊन उभं राहायचं. उद्देश होता ओळखण्याची सोय, पण ओळखीबरोबर माया पण येते, ती वेगळी काढता येत नाही. आजी बेंदराला बैलांना ओवाळायची, त्यांच्या खुरांवर पाणी घालून पाया पडायची, आणि मतदानाला गेली की बैलजोडीच. तिला त्यात राजकारण दिसलंच नसावं. "आपल्या बैलांस्नी सोडून दुसरीकडं कसं टाकायचं," असं म्हणायची ती.

१९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली, म्हणजे कोणालाच वापरता येईना, आणि १९७१ ला इंदिराबाईंच्या काँग्रेसला मिळालं गाय-वासरू. आजी त्या वेळी मतपत्रिकेवर बैल शोधत बसली होती, हे आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. बैल सापडले नाहीत तेव्हा तिनं गाईवर शिक्का मारला, कारण गाय-वासरू म्हणजे पण गोठाच की. पक्ष कोणता, धोरण काय, 'गरिबी हटाओ' म्हणजे काय करणार, यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं असेल नसेल. गोठा पोचला.

नव्या चिन्हांची चित्रं काढणारा एक माणूस दिल्लीत आयोगाच्या ऑफिसात होता, एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन, १९९२ ला रिटायर झाले. पेन्सिलीनं काढायचे. कपबशी, कंगवा, शिलाई मशीन, पंखा, शिट्टी असल्या रोजच्या वस्तू. मला हे बऱ्याच उशिरा वाचायला मिळालं, अण्णा गेल्यानंतर, आणि खूप वाईट वाटलं की त्यांना सांगता आलं नाही. एक माणूस दिल्लीत टेबलावर कागदाच्या तुकड्यावर कपबशी काढतोय आणि दुसरा सातारा जिल्ह्यात शिडीवर उभा राहून तीच कपबशी सहा फुटांची करतोय, दोघांची भेट नाही, दोघांना एकमेकांचं नाव माहीत नाही, आणि दोघांच्या डोक्यात प्रश्न एकच, की ज्याला वाचता येत नाही त्याला हे कळेल का. या दोघांबद्दल मला फार आदर आहे. ते मतदाराला काही पटवत नव्हते, त्याला ओळखायला मदत करत होते.

पटवायचं काम भोंग्याच्या रिक्षाचं. "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, अमक्यावर मारा शिक्का!" हे ऐकलं नाही असा मराठी माणूस मिळणार नाही. लहानपणी आम्ही त्या रिक्षामागं पळायचो. आता धंद्याच्या नजरेनं ती ओळ परत परत वाचते तेव्हा थक्क व्हायला होतं. पहिले तीन शब्द तीन नाती आहेत, आणि तिन्ही बाईची. घराचं मत घरातला पुरुष ठरवतो असं सगळे धरून चालायचे त्या काळात ही ओळ थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन हाक मारते, आणि हाक मारणारा कोण, तर आपोआप भाऊ होतो, त्यानं तसं म्हणायचीसुद्धा गरज नाही. मग 'विचार करा पक्का'. ऐकणारीला वाटतं, मला विचार करायला सांगतायत, म्हणजे मान देतायत. पण विचार करायला जागाच ठेवलेली नाही, कारण अक्का-पक्का झाल्याबरोबर कान तिसऱ्या यमकाची वाट बघायला लागतात आणि 'शिक्का' येतो तेव्हा कसं बरोबर वाटतं, तीनपैकी दोन मण्यांच्या पुढं तिसरा ओवल्यासारखं. यमक जुळलं म्हणजे म्हणणं खरं आहे असं मनाला उगीचच वाटतं. त्या बरोबर वाटण्यात उमेदवार जाऊन बसतो.

शिक्का मारायची पद्धत देशभर १९६२ च्या निवडणुकीपासून आली, म्हणजे ही ओळ काही त्याआधीची नसणार. २००४ पासून सगळीकडे यंत्रं आली, शिक्का गेला, तरी ओळ जिवंत आहे, आता बटण दाबायला सांगणाऱ्या रिक्षासुद्धा आधी ताई-माई-अक्का म्हणूनच घेतात. वस्तू गेली तरी नातं सोडवत नाही.

नात्याच्या या हाकेबद्दल मला एक बाई म्हणून जास्त बोलायचंय, पण त्याआधी १९८४ चं सांगते, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथून सुरू झाला.

जेजेला दुसऱ्या वर्षाला एका सरांनी जुन्या पेपरातल्या जाहिरातींची कात्रणं वर्गात लावली होती. १९८४ च्या लोकसभेच्या वेळच्या काँग्रेसच्या जाहिराती, रिडिफ्यूजन या मुंबईच्या एजन्सीनं केलेल्या. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झालेली, त्यानंतर दिल्लीत आणि इतर ठिकाणी शिखांचं हत्याकांड झालेलं, आणि डिसेंबरमध्ये मतदान. एका जाहिरातीत विचारलं होतं, पुढे तुमच्या किराणाच्या यादीत ॲसिडचे बल्ब, लोखंडी सळ्या, खंजीर असणार का? दुसरीत, देशाची सीमा सरकत सरकत तुमच्या दारापर्यंत येणार का, आणि सोबत काटेरी तार. आणखी एकीत, दुसऱ्या राज्यातला टॅक्सीवाला असेल तर त्या टॅक्सीत बसायला तुम्हाला भीती का वाटावी, अशा अर्थाचा प्रश्न होता.

वर्गात पहिल्यांदा सगळे म्हणाले, काय कमाल आहे. कमाल होतीच. किराणाची यादी! माझी आई डब्यांकडे बघत बघत पाठकोऱ्या कागदावर लिहायची तशी, साखर, तूरडाळ, चहापूड, आणि त्यातच खंजीर. सरांनी मग एकच विचारलं, या मथळ्यांत विरोधी पक्षाचं काय चुकलं ते कुठे लिहिलंय? कुठेच नाही. या मथळ्यांत एक सुद्धा विधान नाही, नुसते प्रश्न, आणि प्रश्नाला खोटं ठरवता येत नाही. टॅक्सीच्या मथळ्यात शीख हा शब्द नाही. त्या नोव्हेंबरनंतर तो छापायची गरज नव्हती, वाचणाऱ्यानंच तो मनातल्या मनात भरायचा होता. आणि एकदा आपणच भरला की तो आपला झाला, मग जाहिरातीनं असं कुठं म्हटलंय असं म्हणायला सगळे मोकळे.

मी त्या रात्री हॉस्टेलवर झोपले नव्हते. ज्या माणसांची घरं नुकती जळाली होती त्यांच्याबद्दलची भीती कोणीतरी चांगल्या टाइपात, चांगल्या कागदावर मांडली होती, आणि मला आधी आवडलं होतं ते त्यातलं कसब. काँग्रेसला त्या वेळी ४०० च्या वर जागा मिळाल्या. त्या मिळाल्या त्याचं मोठं कारण सहानुभूती, हे सगळेच सांगतात, जाहिरातीचा वाटा किती ते कोण मोजणार. पण माझ्यासाठी आकडा महत्त्वाचा नाहीच. स्वयंपाकघरातल्या यादीत खंजीर लिहिला गेला, तो पुढे कधीतरी खोडला गेला का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

त्याच सरांनी अमेरिकेतली १९६४ ची ती डेझीच्या फुलाची जाहिरात पण समजावून सांगितली होती. ७ सप्टेंबरला टीव्हीवर जाहिरात म्हणून एकदाच लागली, एका मिनिटाची. लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजतेय, चुकत चुकत मोजतेय, मग एका पुरुषी आवाजात उलटी मोजणी आणि अणुस्फोट. लिंडन जॉन्सनला मत द्या. समोरचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर, आणि जाहिरातीत त्यांचं नाव पण नाही. ते अणुबॉम्ब वापरतील ही भीती लोकांच्या मनात आधीच होती, ती जागी केली की झालं. त्या कामात ज्यांचा मोठा हात होता ते टोनी श्वार्ट्झ हेच सांगायचे, ऐकणाऱ्याच्या आत काय भरायचं ते बघू नका, त्याच्या आत काय आहे ते शोधा आणि तिथं टिचकी मारा.

आजीच्या आत बैल होते. टिचकी मारली की बैल हलणार. आणि ज्याच्या आत शेजाऱ्याबद्दलचा संशय आहे त्याला टिचकी मारली की तोच हलणार. तंत्र एकच आहे. त्यामुळे कोणी जेव्हा म्हणतं की प्रचार म्हणजे काय नुसती हुशारी असते, तेव्हा मला राग येतो, कारण टिचकी कुठे मारायची ते मारणाऱ्यानं निवडलेलं असतं आणि त्याचा हिशोब त्याच्याकडे मागता आला पाहिजे.

नुसती चकाकी असली की काय होतं ते २००४ ला दिसलंच. सत्तेतल्या भाजपचं 'इंडिया शायनिंग', 'फील गुड', पिवळं ऊन पडलेले हसरे चेहरे. लोकांना काय वाटतंय ते विचारायच्या ऐवजी काय वाटायला पाहिजे ते सांगितलं होतं, आणि समोरून एवढंच आलं की आम आदमीला काय मिळालं. भाजप १३८ ला थांबला, काँग्रेस १४५. दहा वर्षांनी तीच चूक कोणी केली नाही. २०१४ च्या विधानसभेला आपल्याकडे भाजपनं विचारलं, "कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?" ही ओळ मराठीतल्या प्रचाराच्या ओळींमध्ये मला सगळ्यात ताकदीची वाटते. 'महाराष्ट्र माझा' हे दोन शब्द आपल्या कानात शाळेच्या पटांगणापासून आहेत, ते ऐकले की छाती जरा वर येते. त्यांच्या मागं 'कुठे नेऊन ठेवलाय' आलं, जे आपण घरात वस्तू हरवली की चिडून म्हणतो, कात्री कुठे नेऊन ठेवलीय. अभिमान आणि घरगुती चिडचिड एका ओळीत. ती इतकी जमली की नंतर कोणाच्याच ताब्यात राहिली नाही, सरकारं बदलली तशी लोकांनी ती प्रत्येकाला विचारली, अजून विचारतात.

जाहिरातीत चेहरा लागतो तो पण उसनाच. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सभा घेत होते. मेळघाटातल्या हरिसालच्या डिजिटल गावाच्या जाहिरातीत दिसलेल्या तरुणाला त्यांनी सोलापूरच्या सभेत स्टेजवरच आणलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मी त्या पोराकडे बघत होते. एकदा सरकारच्या जाहिरातीत उभा, एकदा विरोधकांच्या स्टेजवर उभा, दोन्हीकडे हजारो लोक त्याच्याकडे बघतायत आणि दोन्हीकडे मुद्दा दुसऱ्याच कोणाचा तरी.

आता ताई-माई-अक्कावर येते. आमच्या भागात नगरपालिका किंवा झेडपी जवळ आली की संक्रांतीची हळदीकुंकवं मोठी होतात. मांडव, निवेदक, खेळ, पैठणी, आणि वाणात स्टीलचा डबा, डब्यावर वहिनींचा स्टिकर. मी स्वतः अशा दोन समारंभांना गेलेय, दुसऱ्या वेळी डबा घरी आणला, स्टिकर गरम पाण्यात भिजवून खरवडून काढला तरी चिकटपणा राहिलाच, अजून तिथे बोट लावलं की लागतो. वाण हे बाईनं बाईला द्यायचं असतं, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं. विधवा बायकांना कुंकू लावायचं की नाही यावर आमच्या गल्लीत भांडणं झाली, ती आमची भांडणं होती, आम्ही ती सोडवत होतो हळूहळू. त्यात हा स्टिकर आला, आणि आता तिथं सगळ्यांना बोलावतात कारण सगळ्यांची नावं यादीत आहेत. हे चांगलं झालं की वाईट मला खरंच ठरवता येत नाही. ज्या काकूंना ३० वर्षं कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या मांडवात पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, हे मी बघितलंय.

२०२४ मध्ये तर नातंच योजनेच्या नावात गेलं, माझी लाडकी बहीण, महिन्याला १५०० रुपये. समोरच्यांनी महालक्ष्मी म्हणून ३००० सांगितले. एकीकडे बहीण, दुसरीकडे देवी. १५०० रुपयांची किंमत मला माहिती आहे, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या पैशातून स्वतःचा चष्मा केला, मुलाला विचारावं लागलं नाही, त्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तो पैसा सरकारी तिजोरीतला आहे, त्यांचाच आहे, त्या नागरिक आहेत म्हणून आलाय. भाऊ म्हटलं की ती ओवाळणी होते, आणि ओवाळणीचा हिशोब बहीण मागत नाही, पुढच्या महिन्यात का आली नाही असं विचारलं तर तिलाच कसंतरी वाटतं. एका शब्दानं हक्काची लाज वाटायला लावता येते, म्हणून मला त्या शब्दाची काळजी वाटते.

चिन्हांचं काय झालं ते तर आपण सगळ्यांनीच बघितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठलं, एका बाजूला मशाल मिळाली, दुसऱ्या बाजूला ढाल-तलवार, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेलं. मशाल शिवसेनेला नवी नव्हती, १९८५ ला छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आले होते. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांकडे, आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घड्याळ वापरा पण जाहिरातीत लिहा की हे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. वर मोठं घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं, आणि खाली तो मजकूर. अण्णा असते तर म्हणाले असते, खालचं एस्टीतनं दिसत न्हाई.

शरद पवारांच्या पक्षाला मिळालं 'तुतारी वाजवणारा माणूस'. २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचं अनावरण झालं. कल्पना म्हणून किती भारी, तुतारी म्हटलं की गड, पालखी, स्वागत, लग्नाची वरात सगळं एकदम येतं, पुन्हा आमच्या आतलंच. मशाल, ढाल, तलवार, धनुष्यबाण, तुतारी, सगळ्यांनी हात घातला तो आमच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातच. पण नाव होतं तीन शब्दांचं. घोषणेत तीन शब्द बसत नाहीत. महिन्याभरात सगळीकडे नुसती 'तुतारी' झाली. आणि अपक्षांसाठीच्या चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं, मराठीत त्याचंही नाव तुतारीच छापलेलं, चित्र मात्र सरळ पिपाणीचं, वाजवणारा कोणी नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारीवाला हरला ३२,७७१ मतांनी, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला पडली ३७,०६२ मतं. त्यातली सगळी चुकून पडली असं म्हणणं त्या उमेदवारावर अन्याय होईल. पण दिंडोरीत पण त्याच चिन्हाला लाखाच्या वर मतं गेली, तिथं तुतारीवाला निवडून आला म्हणून फारशी चर्चा झाली नाही.

आमच्या वळणावरची भिंत आता कोणी रंगवत नाही. १९९५ चा विद्रूपणाचा कायदा आला, शेषन साहेबांच्या काळापासून आयोग पण कडक झाला, आणि मग फ्लेक्सनं सगळंच संपवलं. भिंतीसमोर लोखंडी सांगाडा उभा आहे, त्यावर महिन्याला नवीन फ्लेक्स, ३०-३५ चेहरे, कोणाचा फोटो केवढा हे पक्षातल्या जागेवरून, आणि गर्दीत चिन्ह कुठंतरी कोपऱ्यात. गाडीतून जाताना मला एकही चेहरा ओळखता येत नाही.

वटपौर्णिमेला माझी आत्या घरी आली होती, अण्णांची थोरली बहीण, ८१ वर्षांची. ७ मेला मुलाच्या गाडीवर मागं बसून मतदानाला जाऊन आली होती, तेव्हा बोटावरची शाई सगळ्यांना दाखवत होती. निकालानंतर टीव्हीवर पिपाणीचं ऐकल्यापासून मात्र गप्प होती. जेवण झाल्यावर तिनं मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "तू अण्णाची पोर हायस, मला दोन्ही काढून दाव."

मी कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं, त्याच्या मागच्या बाजूला पेनानं दोन्ही चिन्हं काढली, शेजारी शेजारी. तिनं चष्मा पदरानं पुसला, कागद खिडकीच्या उजेडाला धरला. बराच वेळ बघत होती.

"आत्या, आठवतंय का कोणतं दाबलंस?"

"समदी तुतारी तुतारीच म्हणत हुती गं," ती म्हणाली. "मानूस कुनी सांगितलाच न्हाई. मी मानूस हुडकलाच न्हाई बघ."